आढळून आली नाही

प्रांजलच्या घोट्याभोवती लाल ठिपके,
तीन-तीनच्या ओळीत.
घामोळं असेल, मी म्हणाले,
मे महिना, धारूरचं ऊन, दुसरं काय.
आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला,
तिचा पाय दारातल्या उजेडात धरला
आणि विचारलं ते कुत्र्याबद्दल:
"खारीक काहून खाजवायलंय इतकं?"

खारीक म्हणजे बसस्टँडमागून उचललेलं पिल्लू.
शेपटीच्या बुडाशी केस गेलेले,
हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या.
आम्हाला वाटलं, उपाशी होतं म्हणून.
"एवढ्याशा जीवात रक्त असतंय तरी किती,
चहाचा एक कप.
अन् पिणाऱ्या बघ किती."

आप्पा आरोग्य खात्यात कीटक समाहारक होते.
शाळेत मला हा शब्द कधी धड सांगता आला नाही.
पोरी म्हणायच्या, म्हणजे उंदीर धरतात.
धरायचे.
पिंजऱ्यात शिळ्या भज्याचा तुकडा लावून.
मग पांढऱ्या ट्रेवर उंदराच्या अंगावरून फणी,
आणि वहीत तीन रकाने:
घर, उंदीर, पिसवा.

भूकंपाच्या पुढल्या साली
आप्पा घरात यायचेच नाहीत.
अंगणाच्या कडेला उभे राहून कपडे उतरवायचे,
आई ते काठीनं उचलून उकळत्या पाण्यात टाकायची.
लाल-पिवळ्या कॅप्सुली,
गोठ्याच्या अंगाला एकट्याची बाज.
रात्री मी खिडकीतून बघायची:
आप्पा स्वतःची काख चाचपतायत,
जांघ चाचपतायत,
दाणा निवडावा तसे.
एका वस्तीवर त्यांना कुणी पाणी दिलं नाही.
हा येतो आणि मागून ताप येतो, म्हणाले.

त्या सालाबद्दल ते एवढंच बोलतात:
"उंदीर मेला की पिसू थांबत नसती.
थंड अंग तिला नको असतंय.
निघते. पुढ्यात जे ऊबदार, ते तिचं."

आता हात थरथरतात.
तरी खारकेला मांडीवर आडवं घेऊन
ते फणी फिरवतात, खाली साबणाचं पाणी.
फणीतली काळी कणी ओल्या कापसावर ठेवतात.
कणीभोवती हळूहळू तांबडं पसरतं.
"माती नव्हं. रक्त हाय.
खाल्लेलं."
प्रांजल विचारते, खारकेचं की माझं?
आप्पा उत्तर देत नाहीत.

ह्यांनी गायीचं गोचिडाचं औषध आणलं
तर बाटली हिसकावून घेतली:
"पिसू मारायची का पिल्लू?"
मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी
पिल्लू पिशवीत घालून ताणकाट्याला लटकवलं,
आणि वजनाप्रमाणे मानेवर थेंब दिले.
वर जंताची गोळी.
"शेपटीखाली शितासारखं काही वळवळलं तर सांगा.
आणि पोरीला म्हणावं, पिल्लाचा मुका घेऊ नको.
पिसू गिळली गेली की तोच जंत लेकराच्या पोटात."

"अंगावर दिसतात त्या चार.
बाकीच्या घरात," आप्पा म्हणाले.
मग शहाबादी फरशीच्या सांदी खरडल्या,
बाजेखालची धूळ काढली,
गोधड्या उकळल्या.
ती वाफ तोंडावर आली
आणि मी सात वर्षांची झाले,
हातात काठी नव्हती इतकंच.

दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर, दर रविवारी,
आप्पांचं बारीक अक्षर:
खारीक, एकतीस.
खारीक, बारा.
खारीक, तेरा. (ह्या रविवारी कुणी जेवलं नाही नीट.)
खारीक, दोन.

काल फणी कोरडीच निघाली.
प्रांजलनं पेन घेतला, भलंमोठं शून्य काढायला.
आप्पांनी तिचं मनगट धरलं.
"शून्य लिहू नको बाळा.
शून्य कुणाला म्हाईत असतंय.
लिही: आढळून आली नाही."