दोरी

पहिल्यांदा मी त्याला सांगितले, खोली गेली.
खोली कुठेच गेली नव्हती.
कुलूप लटकत होते त्याच्या खांद्यापलीकडे,
खाऱ्या वाऱ्याने हिरवे पडलेले,
आणि तो मान वळवून तेच पाहत होता.

कागदाची त्याने पुन्हा घडी केली, जुन्या घडीवरच.
लान्स नाईक पुनाजी मठकर, तोफखाना, निवृत्त.
अर्धे भाडे कल्याण खाते भरेल, अर्धे तो.
खाली जांभळा शिक्का, कोपऱ्यात चहाचा डाग.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर आत्माराम तांडेल म्हणाला,
"सरकारचे पैसे? इले तर इले.
मे महिन्यात पुण्याचे लोक दोन रात्रींचे देतत
तेवढे ह्यो महिन्याक देतलो."
हिशेब बरोबर होता. एसटीत बत्तीस वर्षे
तिकिटे फाडली मी, सुटे पैसे मला कळतात.

आठ दिवसांनी तो परत आला.
"खोली आली का?"
हसला नाही. मलाच हसू आले, मग लाज.

मठात घर आहे म्हणे,
पण भावांनी चौथी भिंत घातली
आणि ह्याच्या वाट्याला आला
दार नसलेला पडवीचा तुकडा.

मग ओरोसहून तपासनीस आला.
मला वाटले, भाडेकरूची चौकशी करील.
तो नळ सोडून बघू लागला.
खिडकीची कडी. न्हाणीतली उघडी वायर.
"इथे माणूस राहणार आहे," म्हणाला,
आणि माझ्या नावापुढे तीन फुल्या मारल्या.
इतकी वर्षे पर्यटक आले, गेले,
वायर कुणी पाहिली नव्हती. मीसुद्धा.
कुरकुरत दुरुस्त केले सगळे.

आता दुसरे वर्ष.
त्याचे अर्धे एक तारखेला, मोजून,
सरकारचे अर्धे एकदा गणपतीनंतर, एकदा शिमग्याला,
मधले महिने माझ्या वहीत, पेन्सिलीने.
आमचे पटतेच असे नाही.
तो रातांब्याखाली विड्यांची थोटके टाकतो.
कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, दोनदा डाळ जाळली.
डावा कान तोफेपाशीच राहिला, उजवा निम्मा.
दारावर थापा मारून माझा हात दुखायचा,
म्हणून जाळ्याची नायलॉनची दोरी ओढली मी
माझ्या पडवीपासून त्याच्या खाटेवरच्या दिव्यापर्यंत.
ओढली की दिवा लागतो.

आज रात्री साडेदहाला फोन वाजला:
चार महिन्यांचे अर्धे, एकदम, जमा.
दोरी हातात घेतली.
पलीकडे काळोख. तो उजव्या कानावर झोपतो,
म्हणजे समुद्रालाही बाहेर ठेवून.

दोरी सोडली.
वही काढली, पेन्सिलीचे आकडे खोडायला.
रबर शोधण्यात बराच वेळ गेला.