गाळातल्या फाइली

मुबीन रबाळ्याहून आला, पहिला प्रश्न:
"क्लिक कुणी केलं?"
आम्ही सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.
तीन दिवस स्क्रीनवर लाल अक्षरांत खंडणी,
आणि बाबा आत्ता म्हणाले, "वीजबिल वाटलं मला."

"कुलूप लावलेलं सोडून द्या," मुबीन म्हणाला,
"पण खोडलेलं लगेच जात नाही.
खाली असतं, गाळात."
हे बाबांना बरोबर कळलं.
ओहोटीला खाडीत कोपरापर्यंत हात घालून
निवट्या काढायचे ते, दिव्याच्या कोळीवाड्यात,
ऐरोलीला सेक्टर नव्हते तेव्हा.

रात्रभर डिस्क कुरकुरली.
सकाळी चार हजार फोटो वर आले,
नावं मात्र गेलेली.
'वैशालीची हळद' नाही, 'नवी होडी' नाही,
नुसते आकडे, दवाखान्यातल्या टोकनचे.

बाबांनी स्टूल ओढलं.
एका बोटाने टाइप करू लागले:
पूल, अर्धा बांधलेला.
जनार्दन, बर्फाच्या गाडीवर.
"अहो, जनार्दन कुठला, तो त्याचा भाऊ,"
मागून आई, हातात लसूण.

मग एक बाई आली. डोक्यावर पाटी,
थेट आमच्याकडे बघून हसणारी.
कुणालाच आठवेना.
गोठिवलीच्या आत्याला फोटो पाठवला, तिलाही नाही.
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
बाबांनी लिहिलं: 'आपल्यातली'.
आणि पुढचा फोटो उघडला.

मुबीनने निम्मेच पैसे घेतले.
पासवर्ड आता आईकडे असतो.