फक्कीची रेघ

विट्याच्या कॉलेजात परीक्षा विभागाचं टेबल माझं,
आणि संध्याकाळी मैदानावर फक्कीचा डबाही माझाच.
शिपायाची कंबर धरते, म्हणून.
दोरी ताणून धरली
की रेघ कुणाच्या बापाची राहत नाही.

आज पंचाहत्तर टक्क्यांची यादी.
तहसीन मुलाणी, बी.ए. दोन, एकाहत्तर.
रेणावीचा चढ पहाटे पळते, मग एसटीनं येते.
तीन हजार मीटरला विद्यापीठात सहावी.
सहाव्या नंबराला हार कोण घालतं.
धैर्यशील हारुगडे, बी.ए. दोन, त्रेचाळीस.
त्याची चढाई गेटवरच्या फ्लेक्सवर,
मांडी माझ्या उंचीची.

साहेब म्हणाले, पोरीला नियम समजावून सांगा.
हारुगडेचं बघून घ्या.

बघून घ्या म्हणजे काय
हे मला वीस वर्षांत कुणी शिकवलं नाही, आणि येतं.
कोऱ्या चौकटीत पी लिहायचा,
खर्च फक्त शाईचा.
त्याला चौसष्ट लागत होते.
एकोणचाळिसाव्याला थांबलो. मनगट दुखलं म्हणून;
उगाच दुसरं कारण सांगत नाही.

तिला आठ लागत होते.
आठ तास ती सांगलीत पळत होती, कॉलेजचा बनियन घालून.
खेळाचे दिवस हजेरीत धरतात,
पण पत्रावर संघव्यवस्थापकाची सही लागते,
आणि एकटीचा संघ होत नाही.
पत्र माझ्याच ड्रॉवरमध्ये, दिवाळीपासून.

तेवढ्यात हारुगडे आला, फॉर्म घ्यायला.
मस्टरवर वाकून म्हणाला,
सर, ह्या तारखेला पी नका मारू,
त्या दिवशी आमी इस्लामपुरात हरलोय, पेपरात फोटू हाय.
मग त्याची नजर वरच्या ओळीवर गेली.
एकाहत्तर. लाल गोल.
बराच वेळ काही बोलला नाही.

पाय रेघेबाहेर पडला, पंचाला दिसला नाही,
तरी एखादा पोरगा स्वतःच हात वर करून जातो,
बाकीचे शिव्या देतात.
त्यानं हात अर्धाच वर केला.
फॉर्म टेबलावरच राहिला.

एकोणचाळीस पी मी खोडले. कागद खरबरीत झाला.
तिचं पत्र वर ठेवून यादी साहेबांच्या केबिनमध्ये दिली.
चहा घेतो नि बघतो, म्हणाले.

साडेपाच वाजलेत. मी मैदानावर आहे.
दोरीचं एक टोक मातीत खोचलंय,
दुसरं धरायला कुणी आलं तर बरं होईल.