क्वेमे

किलिमांजारोच्या उतारावर, सून आली त्या आठवड्यात
आइकांदेने अवोकाडोच्या बुंध्याशी
क्वेमेचं एक बी खोचलं.
बाळंतिणीला दूध फुटतं त्याच्या गराने.

तिसऱ्या वर्षी फुलली. जांभळी, झालरीची फुलं,
झुपकेच्या झुपके.
आणि नुसतीच गळली.

वेल ती. पण निघाली नर.

कोयता काढला आइकांदेने. मग परत खोचला.

पाळणा हलला तेव्हा
खालच्या आनान्सियाकडून केळीच्या पानात
पसाभर बिया आल्या, न मागता.
सून सुरीने एकेक फोडत बसली,
दुपट्यातलं पोर भोकाड पसरून.

"तिच्या फळाला माशा आपल्याच फुलांवरून जातात,"
आइकांदे म्हणाली,
जरा ताठ्यातच,
आणि तीन बिया
कांग्याच्या गाठीत बांधून घेतल्या.