डाव्या कुशीवर

आई आधी माझ्याकडे आलीच नाही.
लिंबू-सरबताची काचेची बाटली धुऊन,
सकाळची पहिली लघवी तिच्यात भरून,
लोकरी मोज्यात गुंडाळून ती बसनं गेली
टेकडीपलीकडच्या म्हातारीकडे,
जी बाटली उजेडात धरते आणि आजार वाचते.

म्हातारीनं फेस पाहिला. रंग पाहिला :
चुलीवर विसरलेल्या चहाचा.
म्हणाली, झुनिल्दा, हे माझ्या मुळ्यांचं काम नाही.
पोरीच्या यंत्राकडे जा.

तेमुकोच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
पडदे ओढून मी पोटं बघते.
दिवसाला तीस. बहुतेक बायकांची,
बहुतेक आमच्याच खोऱ्यातल्या.
आमच्याकडे पित्ताचे खडे आडनावासारखे येतात,
न मागता, आणि लग्नानंतरही तसेच राहतात.
कोणी म्हणतं रक्त, कोणी म्हणतं बाळंतपणं,
कोणी बोट दाखवतं डुकराच्या चरबीकडे.
मी कुठंच बोट दाखवत नाही. मी जेल लावते.

आईची सहा बाळंतपणं. दोन पोरं मातीत.
पाऊस लागला की कढईत सोपाइपिया,
रात्री दोनला उजव्या बरगडीखाली मूठ,
मूठ वळत वळत पाठीत, खांद्याच्या फऱ्यात.
ती म्हणायची, वारं शिरलंय.
बोल्दोची पानं उकळून प्यायची,
दाराच्या चौकटीला पाठ घासायची,
गाय घासते तशी.
बाबा हसायचे : हिचं पित्तच खवळखोर,
जन्मापासून.
आम्हीही हसायचो.

मग खाज. तळव्यांना, तळपायांना,
मागाचे धागे हातात ठरेनात.
मग शौच पांढुरकं, भिंत सारवायच्या मातीसारखं,
हे तिनं कुणाला सांगितलं नाही,
कुणाला सांगतात असलं?

कावीळ झाली की जग पिवळं दिसतं म्हणे.
खोटं.
आईला लोकर लाल दिसत होती, डोंगर निळा.
पिवळी ती दिसत होती, आम्हाला,
तेही उशिरा,
कारण आमच्या घरात चुलीचा उजेडच पिवळा.

गेल्या वर्षी, त्याच्या गेल्या वर्षी,
मी म्हटलं होतं, एकदा ये, पाच मिनिटं लागतात.
म्हणाली, तुझ्यासमोर पोट उघडं टाकून झोपू?
आणि मीही विषय सोडला.
तीस पोटं बघून आलेल्या बाईला
घरी एकतिसावं नको असतं.

आज ती झोपली. सदरा स्वतःच वर घेतला.
जेल गार लागलं तेव्हा माझं लहानपणीचं नाव घेतलं.
श्वास घे आई. धर.
धरलेल्या श्वासात खडे उगवले,
एकेकाच्या मागे काळी सावली,
जशी उन्हात दगडामागे पडते.

डाव्या कुशीवर वळ, म्हटलं.
कारण खडे घरंगळतात.
माणूस वळलं की तेही वळतात, खाली सरकतात,
खडा असण्याची खूणच ती.

ती वळली, कुरकुरत, एक हात माझ्या गुडघ्यावर.
खडे सरकले, आज्ञाधारक पोरांसारखे.
एक जागचं हललं नाही.
भिंतीला धरून होतं.
त्याच्यामागे सावलीही नव्हती.

मी चित्र थांबवलं. मोजमाप घेतलं,
जसं कुणाचंही घेते, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
अहवाल लिहिणं डॉक्टरांचं काम.
माझं काम बघणं, आणि चेहरा तसाच ठेवणं.

किती आहेत गं? तिनं भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.
अकरा, मी म्हटलं.
अकरा, ती म्हणाली, जरा अभिमानानंच,
तुझ्या मावशीला सातच होते.
मग म्हणाली, श्वास सोडू का आता?

मी सांगायला विसरले होते.