उसने रूळ

शनिवारी सातला शेडचं कुलूप निघतं.
किल्ली एकहार्टकडे असते, कारण त्याला झोप येत नाही.
आम्ही नऊ जण. एक निवृत्त दाताचा डॉक्टर,
दोन शाळकरी पोरं, आणि गुनहिल्ड नर्स,
जी रात्रपाळीवरून थेट येते
आणि खडीच्या ढिगावर बसून पाव खाता खाता पेंगते.
मी भूमिती शिकवायचो.
आता साडेसातशे मिलिमीटर मोजतो,
दिवसभर तेच, एका रुळापासून दुसऱ्या रुळापर्यंत.

चौऱ्याऐंशी साली वरून हुकूम आला
आणि एका उन्हाळ्यात ही लाइन उचलली,
तेवीस किलोमीटर, भंगाराच्या भावाने.
पण लोखंड कुठलं दरीबाहेर जायला?
आमच्याकडे तेव्हा खिळासुद्धा ओळखीने मिळायचा.

म्हणून आता आम्ही गावोगाव जातो,
मुलगी पाहायला जावं तसे, बऱ्यापैकी कपडे करून.
कोणाच्या गोठ्याच्या आढ्याला आमचा रूळ,
कोणाच्या तळघराच्या छतात,
कोणी ओढ्यावर टाकून साकव केलेला.
बेकरीवाल्याने भट्टीखाली घातलाय;
रोज पहाटे तापतो बिचारा, इंजिनाची हौस तेवढ्यावरच.
आम्ही कॉफी घेतो, केक खातो,
गुडघेदुखीची चौकशी करतो,
आणि मग हळूच विषय काढतो.

ग्योपफर्टबाईंच्या अंगणात दोन उभे होते,
मध्ये दोरी, दोरीवर चादरी.
नवरा लाइनमन. एकोणीस वर्षं ज्या पान्याने बोल्ट आवळले
त्याच पान्याने त्याने ते सोडवले,
कारण टोळीला जागान्‌जागा माहीत असलेला माणूस हवा होता.
घरी आल्यावर काही बोलला का?
नाही. म्हणाला, घे, कपडे वाळत घाल.

तीनदा त्यांनी आम्हाला नकार दिला.
चौथ्यांदा स्वतःच फोन केला:
धुणं काढलंय, पाऊस यायच्या आत या.

दोन दिवस खणत होतो.
चाळीस वर्षं उभं राहायला रुळलेलं लोखंड
आडवं व्हायला तयार नव्हतं.
काँक्रीट फुटलं तेव्हा कळलं:
जमिनीखालच्या टोकांना
फिशप्लेटा लावलेल्या होत्या,
बोल्ट जागच्या जागी, गोणपाटात गुंडाळलेले,
वंगण अजून बोटाला लागेल असं,
आणि नटं आवळलेली, पार घट्ट,
कशालाच काही न जोडता.

एकहार्टने टोपी काढली आणि मग कशासाठी काढली ते न कळून
तिनेच कपाळ पुसलं.
बाई वाकून बघत होत्या.
"भोक रिकामं दिसलं की त्याला चैन पडायची नाही," एवढंच म्हणाल्या.
मग म्हणाल्या, आणि माझी दोरी?

दोरीसाठी देवदाराचे वासे रोवले.
त्या म्हणतात, वाकतात. खरंय, वाकतात.

खरं सांगायचं तर अडीच मीटरच्या तुकड्यांचा
आम्हाला फारसा उपयोग नव्हता.
बफरच्या अलीकडे लावलेत, पाण्याच्या टाकीशी,
जिथे इंजिन सुस्कारत उभं राहतं
आणि प्रवासी फोटो काढतात.
दोरीच्या कड्या तशाच आहेत, कापल्या नाहीत.
का नाही कापल्या, ते मिटिंगमध्ये कोणी विचारलं नाही.

मे महिन्यात बाई आल्या. तिकीट काढलं नाही.
माझे कुठले, म्हणाल्या. मी दाखवले.
बराच वेळ बघत राहिल्या.
"एवढेसे?"
अंगणात मोठे वाटायचे, म्हणाल्या,
आणि पर्समधून रुमाल काढून
एका कडीवरची काजळी पुसली,
थोडीशीच, काळी व्हायची ती परत होणारच.

पुढच्या शनिवारी बेकरीवाल्याकडे जायचंय.
केक त्याच्याकडे चांगला असतो.
रूळ देईल असं वाटत नाही.