ऑर्डर सदतीस, वरुड

समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी,
मग निकालासाठीचा समन्स, मग पुन्हा दहा दिवस.
एवढं मला पाठ होतं.
अमरावतीच्या हॉस्टेलात, पलंगामागच्या भिंतीवर
पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं.

गजभिये मॅडमनी माझा मसुदा वाचला.
'वादीचा मजकूर खोटा, सबब नाकबूल'
अकरा वेळा.
अकरा वेळा लाल रेघ.
'नाकबूल म्हणजे बचाव नाही, पोरा.
काऊन नाकबूल, ते लिही.'

दावा सालईच्या पेट्यांचा.
उमप सॉ मिल विरुद्ध कुयटे, संत्र्याचे व्यापारी.
चेक परत आलेला, सही कुयट्यांचीच,
तिच्याबद्दल कोणाचंच भांडण नाही.
साक्षीदार नाहीत, उलटतपास नाही,
पिंजऱ्याच्या कठड्यावर धूळ.
मी तर काळा कोट उसना आणला होता.

कुयटे बाकड्यावर घाम पुसत म्हणाले,
'लाकूड ओलं होतं ना, बावा.
दिल्लीले पोचेस्तोवर खिळे सुटले,
आर्धा माल बुरसला.'
हे आधी काऊन नाही सांगितलं?
'तुम्ही इचारलं कुठी? तुम्ही तं लिहूनच रायले होते.'

खिशातून निघाली दिल्लीच्या अडत्याची चिठ्ठी,
घडीवर फाटलेली,
चेक बँकेत टाकायच्या चार दिवस आधीची.

साहेबांनी ती खरी की खोटी, ठरवलंच नाही.
हेच मला पुस्तकात कळलं नव्हतं.
मंडीत माल निवडणाऱ्या बाया
संत्रं तळव्यावर तोलतात,
हलकं लागलं की पोलं म्हणून बाजूला, न सोलता.
साहेब तोलत नव्हते.
सोलून बघण्याजोगं काही आहे का,
इतकंच त्यांना पाहायचं होतं.

बचावाची परवानगी मंजूर.
निम्मी रक्कम चार आठवड्यांत कोर्टात भरावी.
उमपांनी आमच्याकडे न बघता
गाडीला तीनदा किक मारली.

पायरीवर मॅडमनी पर्समधून संत्रं काढलं,
कुयट्यांनीच दिलेलं.
साल हात लावताच सुटली,
आत फोडी वाळून कापसासारख्या.
'असंही निघू शकते,' त्या म्हणाल्या,
अर्धं माझ्या हातावर ठेवून
पुढच्या पुकाऱ्याला आत गेल्या.

मी कोट काढून खांद्यावर टाकला
आणि खाल्लं.
एका फोडीत थोडा रस होता.